मूल जेवण टाळतंय? कुणाकडे जायचं, कसं जायचं

‘डाएट चाललंय,’ असं लेक म्हणायची आणि नातेवाईक तिच्या बारीक होण्याचं कौतुक करायचे. पण तो होता ॲनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे खाण्याशी निगडित मानसिक आजार; नखरे नव्हेत. वजन वाढायची भीती इतकी घट्ट बसते की अंग खंगलं तरी स्वतःला जाडच वाटतं. मुलग्यांनाही होतो.

लक्षणं अशी: सारखी थंडी वाजणं, चक्कर, ‘मैत्रिणीकडे खाऊन आले’ अशा सबबी, पाळी थांबणं. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेलात तर खाण्याचंही सांगा. बायका नेमकं तेच गाळतात.

आधी फॅमिली डॉक्टर: नाडी, रक्तदाब, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फेट. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे आजार नाही, असं नव्हे. मग मानसोपचारतज्ज्ञ आणि सोबत आहारतज्ज्ञ. शुद्ध हरपली, छातीत धडधडलं किंवा पाणीही नको झालं, तर थेट हॉस्पिटल. आणि मायेपोटी एकदम तूप-शिरा भरवू नका. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात अचानक जास्त अन्न गेलं की फॉस्फेट घसरतं, हृदयावर बेततं. किती वाढवायचं ते डॉक्टर ठरवतील.

किशोरवयात कुटुंबाधारित उपचार चांगला लागू पडतो. जेवणाची सूत्रं काही काळ आईवडिलांकडे. मी वरणभात वाढून शेजारी बसायचे, गप्पा मालिकेच्या. वजनावर अवाक्षर नाही. (सासूबाईंना हे पटवणं सगळ्यात अवघड!)

कुठे जावं कळेना, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मोफत, चोवीस तास, मराठीतही. विमा कंपनीलाही विचारा: २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच धरावं लागतं.