हात बदलू नका, सुई बदला: दहाजणींनी मिळून क्रोशाचं ब्लँकेट करताना

दहाजणींनी विणलेले चौकोन एका चटईवर मांडले की सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो तो मापातला फरक. लोकर एक, सुई एक, फेऱ्या तेवढ्याच, आणि तरी एकीचा चौकोन तळहाताएवढा, दुसरीचा ताटलीएवढा. नवे गट इथेच खचतात. कोणीतरी म्हणतं, ‘तू जरा सैल वीण गं’, आणि ती बिचारी चार टाके सैल घालून पुन्हा आपल्या सवयीवर येते. माझं सांगणं एवढंच आहे, की विणणारीचा हात तिच्या अक्षरासारखा असतो, तो बदलायला जाऊ नये. बदलायच्या त्या बाकीच्या गोष्टी, आणि त्या बदलता येतात.

आमचा गट डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलच्या लेडीज डब्यातला. क्रोशाला दोन सुयांच्या विणकामासारखं कोपर हलवावं लागत नाही, त्यामुळे चौथ्या सीटवर बसूनही चौकोन होतो. ठाण्याला गर्दी वाढायच्या आत चौकोनाची एखादी फेरी विणून होते. चौकोन गाडीत, जोडणी रविवारी कोणाच्या तरी घरी, आणि तयार ब्लँकेट वृद्धाश्रमात, अशी आमची पद्धत. हिशेबाची वही माझ्याकडे असते. ऑफिसातही मी अकाउंट्सच बघते. तुकड्या-तुकड्यांनी केलेलं काम कितीही मोठं होऊ शकतं. चेन्नईत 2016 साली क्रोशाच्या ब्लँकेटचा जो गिनेस विक्रम झाला, ते ब्लँकेट 11,148.5 चौरस मीटरचं होतं आणि तेही सुट्या तुकड्यांचंच. आपल्याला 120 बाय 150 सेंटिमीटर पुरे. खुर्चीत पायांवर घ्यायला आणि दुपारी आडवं होताना अंगावर घ्यायला हे माप बरोबर बसतं. 15 सेंटिमीटरचे चौकोन धरले तर आडवे 8, उभे 10, म्हणजे 80. पलंगावर पूर्ण पांघरायचं असेल तर उभे 12 घ्या, 96 होतील.

लोकर किती लागेल?

दुकानदाराला विचारू नका, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याला विचारा. एक पूर्ण चौकोन विणा, तो तोला, 80 ने गुणा आणि जोडणी व किनारीसाठी पाचवा हिस्सा वाढवा. समजा चौकोन 14 ग्रॅमचा भरला, तर 1,120 ग्रॅम, वर पाचवा हिस्सा धरून 1,344. म्हणजे 1,400 ग्रॅम घ्या.

चौकोनाच्या आतल्या फेऱ्यांना घरातले उरलेसुरले गुंडे चालतात, रंगीबेरंगीच छान दिसतात. पण शेवटच्या फेरीची, जोडणीची आणि किनारीची लोकर एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या खेपेतली घ्या. वेष्टनावर शेड नंबरच्या जोडीला लॉट नंबरही छापलेला असतो. शेड तीच आणि लॉट वेगळा असला की दुकानाच्या ट्यूबलाइटखाली काही कळत नाही, पण गच्चीवर उन्हात अंथरलं की मोतिया रंगाचे दोन मोतिया दिसतात. आम्ही ही लोकर गटाच्या पैशातून आणतो, म्हणजे कोणावर भार येत नाही आणि ती एकीच्याच ताब्यात राहते.

दुकानात लोकर म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं अ‍ॅक्रिलिक असतं, आणि या कामाला तेच बरं. वृद्धाश्रमात कपडे गरम पाण्यात, मशीनमध्ये धुतले जातात. खरी लोकर त्यात आटून घट्ट होते, अ‍ॅक्रिलिक तसं आटत नाही. एकाच ब्लँकेटमध्ये दोन्ही मिसळलं तर पहिल्या धुण्यातच काही चौकोन आक्रसून बाकीच्यांना ओढायला लागतात. वेष्टन नसलेला गुंडा आला तर बोटभर धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून बघा. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटाने चुरगळली तर खरी लोकर. वितळून कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. मणी गार होईपर्यंत हात लावू नका.

सुई कोणती?

गटात ‘चार नंबरची सुई’ असं कधीही म्हणू नका, ‘चार मिलिमीटरची’ म्हणा. नंबर कंपनीगणिक बदलतात, आणि आजी-आईकडून आलेल्या जुन्या स्टीलच्या सुयांवर तर नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. जिच्या सुईवर काहीच लिहिलेलं नाही, तिच्यासाठी भोकं पाडलेली मापपट्टी मिळते. सुई ज्या भोकात नीट बसेल ते तिचं माप. गटात अशी एक पट्टी असली की पुरते.

कामाला लागण्यापूर्वी प्रत्येकीने पाच फेऱ्यांचा एक नमुना विणायचा. साध्या मध्यम जाडीच्या लोकरीवर 4 मिलिमीटरच्या सुईने तो साधारण साडेबारा सेंटिमीटरचा भरतो. ज्या बाईचा बाराच्या आत येईल तिला साडेचारची सुई द्या, जिचा तेराच्या पुढे जाईल तिला साडेतीनची. ‘सैल वीण’, ‘घट्ट ओढ’ असं सांगायची वेळच येत नाही. आमच्यातल्या एका मावशींचा हात इतका घट्ट, की सुई टाक्यात शिरताना आवाज येतो. त्यांना पाचची सुई दिली आणि त्यांचे चौकोन सगळ्यांत रेखीव येऊ लागले.

सगळ्यांनी एकच चौकोन कसा विणायचा?

इथे मी थोडी जास्त थांबते, कारण निम्मा गोंधळ इथलाच असतो. नेहमीचा ग्रॅनी स्क्वेअर, म्हणजे मधून सुरू होऊन फेरीफेरीने वाढणारा जाळीदार चौकोन, सगळ्यांना येतो असं आपण धरून चालतो, पण प्रत्येकीला तो थोडा वेगळा येत असतो. एकदा दोन चौकोन माझ्या हातात होते, लोकर एकाच गुंड्यातली, हातही साधारण सारखे, आणि तरी एक दुसऱ्याच्या चांगला बोटभर बाहेर. खिडकीच्या उजेडात धरून बघितलं तेव्हा दिसलं, की एकीने तीन खांबांच्या (सुईवर एक वेढा घेऊन घातलेल्या उंच टाक्यांच्या) दोन गटांमध्ये एक साखळी (क्रोशाचा सगळ्यात साधा टाका) घातली होती आणि दुसरीने गटाला गट लागून घेतला होता. दोघींचंही चूक नाही, पण एका ब्लँकेटमध्ये दोन्ही चालत नाहीत.

म्हणून आधी लिहून घ्या. आमचं असं आहे: 4 साखळ्यांचं कडं. पहिल्या खांबाऐवजी 3 साखळ्या. तीन खांबांचा एक गट. कोपऱ्यात गट, 2 साखळ्या, गट. बाजूच्या गटांमध्ये साखळी नाही. प्रत्येक फेरी संपली की काम उलटायचं, नाहीतर चौकोन हळूहळू एका अंगाला पीळ धरतो. पीळ थोडासाच असतो, पण निम्म्या चौकोनांना असला आणि निम्म्यांना नसला की जोडताना त्रास देतो. सुरुवातीला मॅजिक रिंग, म्हणजे ओढून मिटवायचं धाग्याचं कडं, नको. ती छान मिटते, पण धाग्याच्या टोकाचं शेपूट नीट अडकवलं नाही तर धुता धुता उघडते, आणि दहाजणींचं शेपूट कोण तपासणार?

मोजायची खूण सोपी आहे. जितवी फेरी, तितके गट प्रत्येक बाजूला. पाचव्या फेरीत एका बाजूला 5 गट, म्हणजे 15 खांब, आणि चारी बाजू मिळून 60. स्टेशन आलं, काम बॅगेत टाकलं, संध्याकाळी पुन्हा काढलं, की आधी एक बाजू मोजायची आणि मगच पुढे जायचं.

मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांसाठी: आपला खांब म्हणजे अमेरिकन पद्धतीत डबल क्रोशे, तोच ब्रिटिश पद्धतीत ट्रेबल. आपला मुका खांब, म्हणजे वेढा न घेता घातलेला बुटका टाका, अमेरिकेत सिंगल आणि ब्रिटनमध्ये डबल. त्यामुळे ‘डबल’ ऐकून एकीने खांब घातले आणि दुसरीने मुके खांब, असं होतं. व्हिडिओतली बाई सुईवर किती वेढे घेते ते बघा, नावाकडे लक्ष देऊ नका.

डावखुऱ्या मैत्रिणी विचारतात, माझा चालेल का? चालेल. त्यांची फेरी उलट्या दिशेने जाते, पण तयार चौकोनात ते शोधूनही दिसत नाही. फक्त अर्धवट चौकोन डावखुऱ्या हातातून उजव्या हातात द्यायचा नाही.

आता आमची सगळ्यात उपयोगी युक्ती. प्रत्येकीने पाचच फेऱ्या विणायच्या. सहावी, मोतिया रंगाची, एकीने किंवा एकसारखा हात असलेल्या दोघींनी सगळ्या चौकोनांना घालायची. पाच फेऱ्यांत जो चौकोन लहान राहिला त्याला सहावी जाड सुईने, मोठा झाला त्याला बारीक सुईने. सगळ्या चौकोनांची कड एकाच हातची होते आणि जोडायला प्रत्येक बाजूला बरोबर 18 खांब मिळतात. जिच्याकडे हे काम येतं तिला इतर चौकोन देऊ नका, ऐंशी चौकोनांच्या कडा म्हणजे भरपूर काम आहे.

नवख्या मैत्रिणीचा चौकोन वाकडा आला तर?

आधी मोजा. गट कमी-जास्त असतील तर तिलाच परत द्या, शेजारी बसा, कुठे चुकलं ते दाखवा आणि तिच्याच हाताने उसवू द्या. गट बरोबर असतील आणि नुसता टाका कुठे आवळला, कुठे ढिला पडला असेल, तर तो चौकोन घ्यायचा. तिच्या मागे उसवून पुन्हा विणायचा नाही. हे मी अगदी आग्रहाने सांगते. बाईला आपला चौकोन ओळखता येतो. अंथरलेल्या ब्लँकेटमध्ये ती तो शोधते, आणि तो तिथे नसेल तर ती पुढच्या वेळी येत नाही.

असा चौकोन ताणून सरळ करता येतो. थर्मोकोलच्या जाड पत्र्यावर 15 सेंटिमीटरचे चौकोन आखलेला कागद चिकटवा, न गंजणाऱ्या टाचण्यांनी आधी चार कोपरे, मग बाजूंचे मध्य पक्के करा, आणि इस्त्रीची वाफ दोन बोटं वरून द्या. इस्त्री अ‍ॅक्रिलिकला टेकवायची नाही. टेकली की धागा चपटा, चकचकीत आणि निर्जीव होतो, तो पुन्हा उभा राहत नाही. पूर्ण गार होऊन वाळल्यावरच टाचण्या काढा. एक सेंटिमीटरपर्यंतचा फरक यात निघतो. त्याहून जास्त असेल तर सुईच बदलायला हवी होती.

टोकं कोणी लपवायची? जिने विणला तिने. वीतभर शेपूट ठेवायचं आणि जाड शिवणसुईने तीन दिशांना फिरवायचं: खांबांमधून पुढे, एक धागा सोडून मागे, मग आडवं. नुसती गाठ मारून कापलं तर गाठ धुण्यात सुटते. टोकं लोंबत असलेला चौकोन मी वहीत जमा धरत नाही.

मांडणी आणि जोडणी

जमिनीवर सगळे चौकोन पसरा. एकीचे चौकोन एका ठिकाणी ठेवू नका, पत्त्यांसारखे पिसा. वरून मोबाइलने फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. गडद चौकोनांचा एका कोपऱ्यात ढीग झाला असेल तर लगेच दिसतो. पसंत पडलं की ओळ आणि क्रमांक लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक चौकोनाला सेफ्टी पिनने लावा, कारण कोणाचं तरी मूल त्यातून धावत जाणारच आहे.

जोडायला आम्ही मुका खांब वापरतो. दोन चौकोनांच्या उलट्या बाजू एकमेकींना लावायच्या आणि दोन्हींचा फक्त बाहेरच्या अंगाचा धागा उचलायचा. वर बारीक उठावदार रेघ येते, ती छान दिसते. स्लिप स्टिचने, म्हणजे सगळ्यात बुटक्या टाक्याने, जोडलं तर जोड चपटा येतो, पण हात थोडा घट्ट असला की सगळं ब्लँकेट ताठ होतं. शिवणसुईने शिवूनही घेता येतं, लोकर कमी लागते, फक्त धागा तुटला तर लांबवर उसवतो. एका बाजूला 18 खांब आणि दोन्ही कोपऱ्यांची एकेक साखळी मिळून 20 मुके खांब होतात. आधी आडव्या 9 ओळी सलग, मग उभ्या 7. चार कोपरे जिथे भेटतात तिथे आधीच्या जोडावरून एक साखळी घालून पलीकडे जा, म्हणजे भोक पडत नाही. एखादा खांब जास्त निघाला तर तो बाजूच्या मध्यावर दोन टाके एकत्र घेऊन जिरवा. कोपऱ्याजवळ जिरवला तर चौकोन तिरका दिसतो.

किनारी एकाच हातची असावी. पहिली फेरी मुक्या खांबांची, कोपऱ्यात तीन. ती नागमोडी होऊ लागली तर टाके जास्त झाले, आत ओढू लागली तर कमी. अर्धा हात विणून झाला की सपाट अंथरून बघा, तेव्हाच कळलेलं बरं.

बाळासाठी करणार असाल तर जाळीचा चौकोन नको, भरीव वीण घ्या, भोकांत इवलीशी बोटं अडकतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना सैल पांघरूण घालू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, म्हणून ते खाली अंथरून बाळाला जागेपणी खेळवायला द्या.

द्यायच्या आधी एकदा आपण स्वतः धुऊन बघायचं, एखादं लपवलेलं टोक वर आलंच तर तेव्हा येतं. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवं पसरून वाळवा. दोरीवर टाकलं तर पाण्याच्या वजनाने लांबट होतं. सोबत लोकर कशाची आहे आणि कसं धुवायचं ते मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी द्या, आणि मोतिया लोकरीचा एक लहान गुंडा पिशवीत ठेवा, डागडुजीला त्याच लॉटची लोकर नंतर मिळत नाही.