‘मॉलला लागून’ हॉटेल? आधी दार विचारा

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा भर दुपारी आम्ही लेकराला कडेवर घेऊन, दुभाजकाला वळसा घालून मॉल गाठला. हॉटेल म्हणे मॉलला लागूनच!

१. बुकिंगआधी रिसेप्शनला फोन करा. मॉलमध्ये जायला आतूनच दार आहे का? कोणत्या मजल्यावर, किती वाजेपर्यंत उघडं?
२. खोली मल्टिप्लेक्सच्या बाजूची नको. शेवटचा शो सुटला की हॉर्नने पोरं जागी होतात.
३. जादा गादीचे पैसे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

आतून दार नसेल, तर सीताबर्डीजवळचं हॉटेल बरं. तिथे मेट्रोच्या दोन्ही मार्गिका मिळतात.

मॉल बंद झाला की आतलं दारही बहुधा बंद होतं. बाळाचं दूध संध्याकाळीच आणून ठेवा.