सामूहिक मांडणशिल्प: आराखड्याआधी माणसांचे वेळापत्रक

पदव्युत्तर प्रबंधासाठी गावातील लोकांसोबत मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन, म्हणजे जागेत वस्तू मांडून घडवलेली कलाकृती) उभारायचे असेल, तर आराखड्याआधी सहभागींचे वेळापत्रक समजून घ्यावे. गोव्यात जून ते सप्टेंबर पाऊस, चतुर्थीला घरोघरी माटोळीची (गणपतीच्या मूर्तीवर टांगल्या जाणाऱ्या रानफळापानांच्या सजावटीची) लगबग आणि डिसेंबरात फेस्त (चर्चचा उत्सव) व नाताळ असल्याने, भातकापणी आटोपल्यानंतरचा नोव्हेंबर मला सर्वांत भरवशाचा वाटतो. माटोळी हा तर सामूहिक मांडणीचा उत्तम धडाच आहे. लाकडी चौकट एकच असते, पण तिला रानफळे, वेली व पाने बांधणारे हात अनेक असतात. त्याचप्रमाणे चौकट, वजन आणि सुरक्षितता आपण निश्चित करावी, मात्र उरलेल्या जागेत काय येईल हा निर्णय खरोखरच सहभागींवर सोपवावा. प्रबंधावर नाव एकाचेच असते. म्हणून प्रत्येकाचे श्रेय, छायाचित्रांची संमती आणि प्रदर्शनानंतर वस्तू कोणाकडे जातील, हे आरंभीच लिहून ठेवावे. जागेच्या मालकाची परवानगीही लेखीच घ्यावी. किनाऱ्याच्या दमट हवेत कागद व पुठ्ठा लवकर सैल पडतात. त्यांपेक्षा काथ्या, भाजलेली माती किंवा कीड लागू नये म्हणून प्रक्रिया केलेला बांबू वापरावा.