दुर्बिणीतून अधिवृक्क ग्रंथी काढण्याआधीची तयारी

सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाला असलेल्या, संप्रेरके तयार करणाऱ्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीत गाठ दिसली, की सांगली-मिरजेकडच्या घरांत पहिला प्रश्न असतो तो ‘दुर्बिणीने होईल का?’ हा. प्रश्न रास्त आहे. परंतु ही गाठ एखादे संप्रेरक जास्त तयार करते आहे का, हे कागदावर येईपर्यंत शस्त्रक्रियेची तारीख ठरवू नये.

त्यासाठी रक्तातील किंवा 24 तासांच्या लघवीतील मेटानेफ्रिन (अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या संप्रेरकांपासून बनणारे पदार्थ), रात्री 1 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड घेऊन सकाळी मोजायचे कॉर्टिसॉल हे संप्रेरक, आणि रक्तदाब असल्यास शरीरातील मीठ-पाणी व रक्तदाब सांभाळणारे अल्डोस्टेरॉन व रेनिन तपासतात. लघवी साठवताना पहिल्या सकाळची पहिली लघवी टाकून द्यावी, वेळ लिहून ठेवावी आणि त्यानंतरची प्रत्येक, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची धरून, लॅबने दिलेल्या कॅनमध्ये जमा करावी; मधली एक जरी चुकली तरी अहवाल फसवा येतो. ही गाठ फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे अ‍ॅड्रिनॅलिनसारखी संप्रेरके सोडणारी गाठ, नाही याची खात्री होण्यापूर्वी गाठीत सुई घालून तुकडा काढू देऊ नये, कारण त्याने रक्तदाब जीवघेणा भडकू शकतो.

फिओक्रोमोसायटोमा निघाल्यास शस्त्रक्रियेपूर्वी साधारण 10 ते 14 दिवस रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या अल्फा ब्लॉकर गोळ्या दिल्या जातात. हृदयाचे ठोके मंद करणारा बीटा ब्लॉकर लागलाच तर तो त्यानंतर. हा क्रम उलटा होता कामा नये. रक्तदाब आहे म्हणून मीठ तोडा, असे शेजारीपाजारी सांगतात. येथे मात्र आक्रसलेल्या रक्तवाहिन्या सैल होत असल्याने डॉक्टर बहुधा मीठ आणि पाणी वाढवायला सांगतात. अल्डोस्टेरॉनची गाठ असेल तर आधी पोटॅशियम सावरावे लागते, आणि दोष कोणत्या बाजूचा आहे हे ठरवण्यासाठी ग्रंथीच्या शिरेतून रक्त घेण्याची तपासणी सांगितली, तर पुण्या-मुंबईला जाण्याची तयारी ठेवावी.

सर्जनला आजवर किती अधिवृक्क शस्त्रक्रिया केल्या, हे संकोच न करता विचारावे. पित्ताशयाचा अनुभव येथे पुरेसा नाही, कारण उजव्या ग्रंथीची शीर आखूड असून ती थेट महाशिरेत उघडते. भूलतज्ज्ञ, संप्रेरकतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग एकाच रुग्णालयात असणे मी खोलीच्या सोयींपेक्षा महत्त्वाचे मानतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारावे.

सर्जन मिशेल गॅन्ये यांनी 1992 मध्ये मांडलेल्या दुर्बिणीच्या या पद्धतीत रुग्णाला कुशीवर झोपवतात, तीन-चार छिद्रे पाडतात, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात आणि ग्रंथी पिशवीत घालून बाहेर काढतात. गाठ 6 सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा कर्करोगाचा संशय असेल, तर सर्जन उघडी शस्त्रक्रिया सुचवू शकतात. तो कमीपणा समजू नये.

बहुतेक रुग्ण काही दिवसांतच घरी जातात, मात्र ऊसतोडणी किंवा हळदीची पोती उचलणे काही आठवडे बंद ठेवावे. कुशिंगच्या, म्हणजे कॉर्टिसॉल जास्त तयार होण्याच्या आजाराच्या, रुग्णात उरलेली ग्रंथी मंदावलेली असते, म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या सांगितल्याशिवाय थांबवू नयेत. दोन्ही ग्रंथी काढल्या असतील तर त्यांच्या संप्रेरकांची जागा भरून काढणारी हायड्रोकॉर्टिसोन व फ्लुड्रोकॉर्टिसोन ही औषधे जन्मभर लागतात. ताप आल्यास डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा वाढवावी, आणि उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल तर वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन घेण्यासाठी जवळच्या रुग्णालयात जावे.