गाडीत पावसाचं पाणी शिरलं आणि लॉक, लाइट, हॉर्न मनाला येईल तसं वागायला लागले तर

सगळ्यात आधी, चावी फिरवू नका. बटण स्टार्ट असेल तर बटण दाबू नका. "चालू होतीये का एवढंच बघतो" म्हणून पण नाही. पुण्यात २०१९ मध्ये २५ सप्टेंबरच्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या होत्या, आणि पाणी ओसरलं की माणूस पहिलं काय करतो तर सेल मारून बघतो. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही, हवा दाबली जाते पाणी नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि जे काम वायरिंगवर भागलं असतं ते इंजिन उघडण्यावर जातं. शिवाय इन्शुरन्सचं बघा, नुसता थर्ड पार्टी असेल तर पुराचं काहीच मिळत नाही, कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर पुराचं नुकसान मिळतं, पण पाणी असताना स्टार्ट केल्यामुळे इंजिन गेलं असं दिसलं तर इंजिन प्रोटेक्टचं अ‍ॅड-ऑन नसताना क्लेम सहसा अडकतोच. त्यामुळे गाडीला हात लावायच्या आधी फोटो काढा, पाणी कुठपर्यंत आलं होतं ती चिखलाची रेघ दिसली पाहिजे, आणि कंपनीला कळवा.

पाणी सीटपर्यंत आलं असेल तर घरी काही करत बसू नका, बॅटरी काढता येत असेल तर काढा आणि फ्लॅटबेडवर, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकवर, घालून वर्कशॉपला न्या, दोरी बांधून टोचन नको. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड असेल तर बॅटरी काढायचीही नाही, केशरी म्हणजे हाय व्होल्टेजच्या वायरींना अजिबात हात लावायचा नाही, सरळ कंपनीच्या माणसाला बोलवायचं.

पण मला खरं सांगायचंय ते दुसऱ्या प्रकाराबद्दल, कारण पुण्यात तोच जास्त होतो आणि तो कळतच नाही. पूर नाही, काही नाही, गाडी आपली सोसायटीत झाडाखाली उभी आहे आणि पाणी हळूहळू आत झिरपतंय. आधी काचेवर आतून वाफ धरते, मग कुबट वास, आणि दोन-तीन आठवड्यांनी एक दिवस सेंट्रल लॉक रात्री आपोआप टकटक करतं. माझ्या गाडीचं हेच झालं. वर्कशॉपमध्ये सांगितलं की बॉडी कंट्रोल मॉड्यूल (लॉक, लाइट, हॉर्न वगैरे सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेलं, नवीन घाला, आकडा ऐकून मी गाडी परत घेऊन आले. मग आमच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियन काकांनी ड्रायव्हरच्या डाव्या-उजव्या पायाशी बाजूला जे प्लॅस्टिक असतं ना, त्यातलं उजवं ओढून काढलं, मागे एक पांढरा कनेक्टर होता, तो सोडवला तर दोन पिनांवर हिरवट थर, पितळेच्या भांड्याला कळंक चढतो अगदी तसा. ते साफ केलं, लॉक ठीक झालं. मॉड्यूलला काहीही झालेलं नव्हतं. म्हणून कोणी मॉड्यूल बदला म्हटलं तर आधी कनेक्टर उघडून दाखवायला सांगा, हे तुमचा हक्क म्हणून सांगा.

आता घरी काय करायचं ते. आधी डिकी उघडून ठेवा आणि काचा थोड्या खाली घ्या (गाडी पुरात बुडालेली असेल तर काचा राहू द्या, चावी फिरवायचीच नाही), कारण नंतर करंट नसताना त्या उघडणार नाहीत. मग दहाच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, काढताना निगेटिव्ह पहिलं, लावताना निगेटिव्ह शेवटी. दहा-पंधरा मिनिटं थांबा. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसतील, ते एअरबॅगचे, त्यांना सोडवू नका, सीट काढायचीच असेल तर तेवढं काम माहितगाराकडून करून घ्या.

मग कार्पेट. इथे बहुतेकजण फसतात. वरून हात लावला तर कोरडं लागतं म्हणून सोडून देतात, पण कार्पेटच्या खाली जाड फोम असतो, तो स्पंजसारखा पाणी धरून बसतो आणि वायरिंगचा गठ्ठा बऱ्याच गाड्यांत त्याच्याच कडेने जातो. वर्तमानपत्राची घडी ठेवून मुठीने जोरात दाबा, ओलं झालं तर खाली पाणी आहे. दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी वर ओढली की निघते, तिथून कार्पेट उचलायचं, खाली विटेचा तुकडा नाहीतर पाण्याची बाटली घालून वर धरून ठेवायचं आणि टेबल फॅन लावायचा. जुलैत हवाच दमट असते त्यामुळे एका रात्रीत वाळेल ही अपेक्षा सोडा, दोन-तीन दिवस धरा, टॉवेल बदलत राहा. हेअर ड्रायर गरम करून लावू नका, प्लॅस्टिक आणि इन्सुलेशन मऊ पडतं.

ओले कनेक्टर एकेक करून सोडवा, सोडवायच्या आधी मोबाइलमध्ये फोटो. कॉन्टॅक्ट क्लीनर स्प्रे मिळतो, नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात विचारा, तो मारून जुन्या टूथब्रशने हलकं घासायचं. गंज सोडवायचा जो स्प्रे घरात असतो तो इथे पुरेसा नाही, तो तेलकट थर मागे ठेवतो. चिखलाचं पाणी गेलं असेल तर आधी डिस्टिल्ड वॉटरने धुवा, चिखल आत वाळला तर नंतर निघत नाही. पूर्ण वाळल्यावर थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा, म्हणजे कनेक्टरमध्ये ओल शिरू न देणारं ग्रीस. पिन काळी पडून तुटत असेल तर ती पिनच बदलावी लागते, घासून उपयोग नाही.

फ्यूज बघताना एक नियम, तेवढ्याच अँपिअरचा. लाल १०, निळा १५, पिवळा २०. पुन्हा पुन्हा उडतोय म्हणजे पुढे कुठेतरी शॉर्ट आहे, मोठा फ्यूज घालून किंवा तार गुंडाळून चालवलं तर वायर जळते, गाडी पेटू शकते, हे करू नका खरंच.

हे सगळं झालं तरी पाणी येतंय कुठून हे शोधलं नाही तर पुढच्या पावसात परत तेच. वायपरच्या खाली काचेच्या बुडाशी जी जाळी असते तिथे पावसाळ्यात गुलमोहराची बारीक पानं जाऊन बसतात, बोनेट उघडून हात घाला, चिखलासारखा लगदा निघतो, त्याने पाणी जायची भोकं बंद होतात आणि पाणी ब्लोअरमधून आत. माझ्या गाडीत हेच होतं, मूठभर लगदा निघाला. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतल्या बारीक नळ्या तुंबतात. फक्त एसी लावल्यावर डाव्या सीटच्या पायाशी स्वच्छ पाणी येत असेल तर तो पाऊस नाही, एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय. दाराच्या आतलं प्लॅस्टिकचं अस्तर स्पीकर बसवताना फाडलेलं असतं, तिथूनही येतं. डिकीत पाणी असेल तर टेललाइटचं रबर बघा.

शोधायला दोन माणसं लागतात. एक आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेरून मग्याने पाणी ओतणार, खालून सुरुवात करून हळूहळू वर, एका जागी पाच मिनिटं. प्रेशर वॉशर नको, त्याने नसलेली गळती पण दिसते.

सगळं कोरडं झाल्यावर बॅटरी लावा. मल्टिमीटर असेल तर बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. पूर बघितलेल्या गाडीत मात्र स्टार्टच्या आधी इंजिन ऑइलची डिपस्टिक (ऑइल बघायची पट्टी) काढा, ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर थांबा. रात्रभर उभी राहून बॅटरी उतरत असेल तर कुठेतरी करंट खेचला जातोय, गाडी लॉक करून तासभराने मोजलं तर सहसा ५० मिलिअँपिअरच्या आत असतो, जास्त असेल तर एकेक फ्यूज काढून कुठल्या सर्किटवर कमी होतो ते बघायचं.

नंतरचे दोन महिने नीट लक्ष ठेवा, कळंक हळूहळू चढतो. मी गणपती होईपर्यंत दर रविवारी वायपरखालची पानं काढते, आणि मॅटखाली वर्तमानपत्राचं एक पान ठेवते, ते ओलं किंवा सुरकुतलेलं दिसलं की त्याच दिवशी कार्पेट उचलते.