मुलांच्या भूतदयेतील या चुका टाळा

प्राण्याला वाचवण्याच्या घाईत त्याच प्राण्याचे हाल झालेले मी गोव्यात दर पावसाळ्यात पाहते, आणि दर वेळी चूक तीच असते : पिल्लू एकटे दिसले की उचलायचे आणि घरी आणायचे.

फोंडा तालुक्यातील एका वाड्यावर शाळकरी मुलांनी कौलांच्या ढिगामागे सापडलेली कुत्रीची चार पिल्ले खोक्यात घालून घरी नेली. पिल्लांचे डोळे नुकतेच उघडले होते. मुलांनी त्यांना गाईचे दूध पाजले, दोन पिल्लांना रात्री जुलाब लागले आणि सकाळपर्यंत ती दगावली. मला बोलावणे आले तेव्हा दुधाने तटतटलेल्या सडांनिशी त्यांची आई त्याच ढिगाभोवती हुंगत फिरत होती. उरलेली दोन पिल्ले आम्ही होती तिथेच ठेवली आणि लांब जाऊन उभे राहिलो. थोड्याच वेळात ती आली आणि त्यांना चाटू लागली. पिल्लांना टाकून नव्हे, तर पोटासाठी आई निघून जाते, हे त्या मुलांना कोणी सांगितलेच नव्हते, आणि याचा दोष मी मोठ्यांना देते.

पिल्लू रस्त्याच्या कडेला, पाण्यात किंवा जखमी नसेल, तर आडोशाला उभे राहून तास-दोन तास वाट पाहायची, असा माझा शिरस्ता आहे. मुले कंटाळतात, कंटाळू द्यावीत. आई आलीच नाही, तर पिल्लाला आधी फडक्यात गुंडाळून ऊब द्यावी, कारण गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, आणि काय पाजायचे ते पशुवैद्यांना विचारावे. पक्ष्याच्या पिल्लाला माणसाचा वास लागला की आई त्याला टाकते, ही समजूत खोटी आहे. त्याला घरट्यात किंवा जवळच्या फांदीवर ठेवावे, मात्र चोचीत पाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते.

दुसरी चूक याहून घातक आहे : कुत्रे चावले किंवा नख लागले, तरी त्याला लोक मारतील या भीतीने मूल गप्प बसते. 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाला, तरी चावा लपवण्याची सवलत त्यातून कोणालाही मिळत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. 'कुत्र्याला कोणी हात लावणार नाही, पण तू मला सांग', हे वाक्य आईवडिलांनी आधीच बोलून ठेवावे.

नागपंचमीला सापाला दूध पाजू नये. साप दूध पीत नाही. मोरजी, आगोंद किंवा गालजीबागच्या किनाऱ्यावर कासवाच्या पिल्लांवर बॅटरीचा झोत टाकू नये, कारण उजेडामुळे त्यांची समुद्राची दिशा चुकते. देशी पोपट पिंजऱ्यात पाळणे हा गुन्हा आहे आणि पावसाळी बेडूक पकडणे हाही, 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार. धिरयो, म्हणजे बैलांच्या झुंजी, पाहायला मुलांना नेणाऱ्या काकामामांना मी एवढेच सांगेन की उच्च न्यायालयाने 1996 मध्येच त्यावर बंदी घातली आहे.

कोणी जनावराला मारताना दिसले, तर मुलांनी मध्ये पडू नये. चित्रफीत सगळ्यांना पाठवण्याचा सोपा मार्ग मला मुळीच पटत नाही. आमच्या भागात अशाच एका चित्रफितीवरून भलत्याच माणसाला शिव्या खाव्या लागल्या आणि खरा गुन्हेगार सावध झाला. मी मुलांना वहीत लिहायला लावते : वार, वेळ, जागा, साखळीची लांबी, पाणी होते की नाही, जखम कोठे होती. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या कलम 11 नुसार विनाकारण आखूड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे आणि अन्नपाणी न देणे, हीसुद्धा क्रूरताच आहे. पहिल्या गुन्ह्याला जेमतेम दहा ते पन्नास रुपये दंड आहे म्हणून लोक नाद सोडतात, परंतु जनावराला ठार मारणे, विष घालणे किंवा जायबंदी करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. मुलाच्या वहीवरून मोठ्या माणसाने लेखी तक्रार तयार करून पोलीस ठाण्यात द्यावी आणि पोच म्हणून एका प्रतीवर शिक्का मारून घ्यावा.