वाकड्या जमिनीचे क्षेत्रफळ त्रिकोण पाडून कसे काढावे

चार बांधांच्या तुकड्याचे क्षेत्र काढताना समोरासमोरच्या बाजूंची सरासरी घ्यायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा, ही पद्धत अजूनही सर्रास वापरली जाते. मात्र तुकडा नेमका आयताकृती नसेल, तर हे उत्तर खऱ्या क्षेत्रफळापेक्षा नेहमी जास्तच भरते, आणि तोटा अर्थातच विकत घेणाऱ्याला होतो. कर्ण आखून जमिनीचे दोन त्रिकोण पाडले, की हा घोळ राहत नाही.

समजा, अ, ब, क, ड या कोपऱ्यांवर खुंट्या ठोकल्या असून अब १३० फूट, बक १४० फूट, कड ९० फूट आणि डअ १२० फूट आहे. आता अक हा कर्ण हवा. तो टेपने सरळ मोजता आला तर उत्तमच. मध्ये विहीर आडवी येत असेल, तर ड हा कोपरा काटकोनात आहे का ते पाहावे. त्यासाठी गवंडी जे करतो तेच करायचे: खुंटीपासून एका बांधावर ३ फुटांवर आणि दुसऱ्यावर ४ फुटांवर खूण करून, दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट भरते का ते मोजायचे. (मोठ्या जमिनीवर ३०, ४०, ५० फूट घेतल्यास चूक कमी होते.) काटकोन असेल, तर ९० आणि १२० यांच्या वर्गांची बेरीज २२,५०० होते आणि तिचे वर्गमूळ, म्हणजेच कर्ण, १५० फूट येतो.

त्रिकोण अडक काटकोनी असल्यामुळे त्याचे क्षेत्रफळ ९० गुणिले १२० भागिले २, म्हणजे ५,४०० चौरस फूट आहे. त्रिकोण अबकमध्ये काटकोन नाही, म्हणून तेथे फक्त तीन बाजूंवरून क्षेत्रफळ देणारे हेरॉनचे सूत्र वापरावे. १३०, १४० आणि १५० यांची बेरीज, म्हणजे परिमिती, ४२०, तर अर्धपरिमिती २१०. तिच्यातून एकेक बाजू वजा केली की ८०, ७० आणि ६० उरतात. २१०, ८०, ७०, ६० यांचा गुणाकार ७,०५,६०,००० असून त्याचे वर्गमूळ, म्हणजेच क्षेत्रफळ, ८,४०० चौरस फूट आहे. वर्गमुळाखाली ऋण संख्या आली, तर कोणती तरी बाजू चुकीची मोजली गेली आहे असे समजावे, कारण त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठीच असते.

उत्तराचा पडताळा जागेवरच घेता येतो. ब पासून बक बांधावर ५० फूट चालत गेल्यावर अ खुंटी बांधाशी काटकोनात आणि १२० फुटांवर असली पाहिजे. १४० चा पाया आणि १२० ची उंची धरूनही ८,४०० च येतात. १३, १४, १५ बाजूंचा हाच त्रिकोण भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त उदाहरण म्हणून घेतला आहे.

एकूण क्षेत्र १३,८०० चौरस फूट झाले. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, त्यामुळे ही जमीन सुमारे १२.६७ गुंठे आहे. सरासरीच्या पद्धतीने ती ११० गुणिले १३०, म्हणजे १४,३०० चौरस फूट दिसली असती. जवळजवळ अर्धा गुंठा जास्त. कुंपणासाठी मात्र दोन त्रिकोणांच्या परिमिती, ४२० आणि ३६०, नुसत्या मिळवून चालणार नाही, कारण कर्ण दोनदा मोजला जातो. तार फक्त ४८० फूट लागेल.

सगळ्यात जास्त चुका इंचांत होतात. ४५ फूट ६ इंच हे ४५.६ नसून ४५.५ फूट असतात, म्हणून आकडेमोडीपूर्वी इंचांना १२ ने भागून घ्यावे.